सात प्रश्न घेऊन वरसेला

पुण्याचा माणूस पेणवरून अलिबागला जातो आणि रोह्यावरून मुरुडला. मधे चहाला उतरतो, पापडांची दोन पाकिटं घेतो आणि पुढे सटकतो. मीही आयुष्यभर तेच केलं होतं. त्या डिसेंबरात मात्र तीन दिवस मी फक्त पेण आणि रोहा एवढ्यासाठीच गेले, आणि तेही दुभाषी म्हणून. हे ऐकून आमच्या स्पॅनिशच्या वर्गातले लोक अजून हसतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर दक्षिण अमेरिका काढली, खडूच्या रेघांनी अँडीज पर्वत उभा केला, पण तिथल्या एकाही माणसाशी कधी बोलले नव्हते. त्या सलाने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. दोन महिन्यांत माझी मजल सात प्रश्नांपर्यंत गेली होती. के म्हणजे काय, किएन म्हणजे कोण, दोंदे कुठे, क्वांदो केव्हा, कोमो कसं, क्वांतो किती, पोर के म्हणजे का. आमच्या सरांचं म्हणणं असं की आधी विचारायला शिका, उत्तरं समजायची तेव्हा समजतील. पुण्यात प्रश्न विचारणाऱ्यांची वानवा कधी नव्हती, त्यामुळे हा धडा मला फार सोपा गेला.

तेवढ्यात एस्तेरबाई आल्या. जन्म अर्जेंटिनाचा, तरुणपणी इस्रायलला गेलेल्या, वय साठीच्या पुढे. इंग्रजीचा गंध नाही. त्यांचे यजमान सामुएल हे आपल्या कोकणातले, पेणजवळच्या एका खेड्यातल्या यहुदी तेल्याचा मुलगा. चाळीसएक वर्षांपूर्वी इस्रायलला गेले ते परत आलेच नाहीत. गेल्या वर्षी वारले. त्यांची थोरली बहीण सारा इकडेच राहिली होती. तिला शोधायचं आणि भाऊ गेल्याचं सांगायचं, म्हणून या बाई एकट्या आल्या होत्या. हिब्रू जाणणारा जो माणूस बरोबर जायचा होता तो कावीळ होऊन अंथरुणाला खिळला. सरांनी वर्गात विचारलं, कोण जाईल? ज्यांना स्पॅनिश येत होतं त्यांना रजा नव्हती. मला नाताळची सुट्टी होती.

पेण

पहिल्या संध्याकाळी लॉजवर चहा घेताना त्यांनी मला खरं काम सांगितलं. एक वाक्य त्या सावकाश, पुन्हा पुन्हा बोलल्या, आणि मी ते शब्दकोश मांडीवर घेऊन सोडवलं. लग्न ठरल्यावर सामुएलने बहिणीला पत्र लिहिलं, सोबत एस्तेरबाईंचा फोटो पाठवला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात बहिणीची पत्रं कायमची थांबली. त्याआधी दर दोन-तीन महिन्यांनी यायची.

"पोर के?" त्या म्हणाल्या, आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "पोर मी?"

का? माझ्यामुळे? परक्या मुलुखातली, आपल्या रीतीभाती न जाणणारी सून केली म्हणून बहिणीने भावाला टाकलं, असं ही बाई तीस-बत्तीस वर्षं मनात धरून बसली होती. यजमानांना विचारलं की ते म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊन बघू. आता ते नव्हते. उत्तर देऊ शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते आहे की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मला तेव्हा माझ्या सात शब्दांची भीती वाटली. प्रश्न मी विचारीन, पण उत्तर जर वाईट निघालं तर ते या बाईंना सांगायचं मीच.

सकाळी न्याहारीला पोहे आले. पेणला आहात तर पोहे खायचेच. गूळ आणि ओलं खोबरं घातलेले गोडही होते, तिखटही. एस्तेरबाईंनी गोड पोह्यांचा घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मी घाबरले, खडा लागला की काय. "के?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते एवढं मोठं की मला त्यात फक्त 'सामुएल' कळलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या, मान हलवत खाणावळीच्या गल्ल्यासमोर घोड्यासारख्या खिंकाळल्या. मालक बघतच राहिला. बऱ्याच वेळाने मला उलगडा झाला. सामुएल दर सणाला घोड्याला घालतात तसल्या कसल्याशा दाण्याच्या चुऱ्यात गूळ-खोबरं घालून हेच करायचे. तिकडे पोहे मिळत नव्हते. बायकोला आणि दोन मुलींना ते अजिबात आवडायचं नाही, तरी दर सणाला करायचे.

"कोमो से यामा?" याला म्हणतात काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.

बाजारात मी चौकशी सुरू केली तेव्हा मला या भागाची एक रीत समजली. पुण्यात पत्ता विचारला तर पत्ता मिळतो, वर टोमणाही मिळतो, पण चौकशी होत नाही. इथे तसं नाही. पापडवालीला मी सामुएलच्या बालमित्राचा पत्ता विचारला, जोहे गावात नारायण नावाचे मूर्तिकार कुठे राहतात?

"तुमी कुटल्या?" ती म्हणाली.

"पुण्याच्या."

"आन ही गोरी बाय कोन तुमची? नारायनाकडं काय काम हाय? मूर्ती न्यायची काय? जेवलात काय?"

पाचही प्रश्नांची उत्तरं दिली, मग तिने पत्ता सांगितला. सोबत तिच्या मावशीच्या गुडघ्यांची हकिगतही. बसवाल्याचं तेच, रसवाल्याचं तेच. आधी मला राग येत होता. दुपारपर्यंत लक्षात आलं की हे लोक उगाच नाक खुपसत नाहीत. ज्याचं आपल्याला काहीच माहीत नाही त्याला दुसऱ्याच्या दारात कसं पाठवायचं, असा तो हिशेब आहे. मग मीच आधी आमची सगळी कुंडली सांगायला लागले आणि कामं भराभर झाली.

जोहे

नारायण हे नाव एस्तेरबाईंना नवऱ्याच्या गोष्टींतून माहीत होतं. लहानपणचा जिवलग मित्र, गणपती करणाऱ्यांच्या घरचा. बस भातखाचरांमधून गेली. कापणी होऊन गेली होती आणि खाचरांत वाल पेरला होता. जोह्याला उतरलं की दर दोन घरांआड कारखाना. पडवीत, अंगणात, जिथे पाय ठेवाल तिथे पांढरे गणपती वाळत घातलेले. एस्तेरबाई पाऊल उचलून उचलून चालत होत्या.

नारायणकाका माघी गणपतीच्या कामात होते. सत्तरीचे, अंगात बनियन, डोळ्यांवर जाड काचा. समोर मूर्ती, हातात बारीक कुंचला. आम्ही दारात उभ्या राहिलो आणि मी तोंड उघडणार तोच त्यांच्या सुनेने ओठांवर बोट ठेवलं.

"आखनी चाललीय," ती कुजबुजली. "मधी कुनी बोलायचं नाय."

मूर्तीचे डोळे काढायचे त्याला आखणी म्हणतात. एका डोळ्याची रेघ सुरू झाली की ती संपेपर्यंत घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. आम्ही बसून राहिलो. एक डोळा झाला, दुसरा झाला, मग दुसरी मूर्ती पुढे आली. माझी चुळबुळ चालली होती. शिक्षकाला गप्प बसवत नाही. एस्तेरबाई मात्र हात मांडीवर घेऊन बघत होत्या, नवऱ्याने सांगितलेलं सगळं ताडून बघत असाव्यात. चार मूर्ती झाल्यावर काकांनी कुंचला पाण्यात घातला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

मी एका दमात सगळं सांगितलं. कोण, कुठून, कशासाठी. बाकी होतं ते एकच, आणि ते मी शेवटी सांगितलं.

काकांनी समोरची मूर्ती बाजूला सरकवली. मग म्हणाले, "त्यांचा तेलाचा घाना शनवारी बंद असायचा. शनवारी आमी दोघं त्यांच्या बैलाला खाडीवर न्यायचो. बैलाला पन ठावूक होतं, आज सुट्टी." आणि शेवटी, "गेला काय शामू."

शामू हे त्यांनी म्हटल्याबरोबर एस्तेरबाईंनी मान वर केली. ते नाव त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्या उठून काकांसमोर गेल्या आणि काकांनी, हात रंगाचे म्हणून, मनगटांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

सारा हयात होती. नवरा वारल्यावर रोह्याजवळ वरसेला जाऊन राहिली होती. काकांचा मुलगा डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला होता. त्याच्या शिफ्टमधल्या एकाची बायको साराबायच्या शेजारी राहत होती, म्हणून ठावठिकाणा होता. निघताना काकांनी आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. नको म्हणायची सोय नव्हती.

वरसे

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोह्याला उतरलो. कुंडलिका नदीच्या पुलावर एस्तेरबाई थांबल्या. केस विंचरले, कपाळावरचा घाम पुसला, बांगड्या नीट केल्या. कालच पेणच्या बाजारात त्यांनी डझनभर काचेच्या बांगड्या भरून घेतल्या होत्या. इकडे नवरा गेलेल्या बाईने बांगड्या भरायच्या नसतात, हे त्यांना सांगावं की नाही, या विचारात माझी रात्र गेली होती. सांगितलं नाही. त्यांनी हौसेने, नवऱ्याच्या गावच्या म्हणून घातल्या होत्या.

वरसेला नवी घरं उठत होती, जिकडे तिकडे विटा आणि रेती. साराबायच्या दोन खोल्या एका जुन्या कौलारू घराच्या मागच्या अंगाला होत्या. शेजारीण कल्पना, बालवाडीत शिकवणारी, आम्हाला घेऊन गेली. दारात एक उंच, वाळलेली बाई सुपात वाल निवडत बसली होती. नऊवारी लुगडं, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिने आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, एस्तेरबाईंकडे. सूप बाजूला ठेवलं.

"शामूची बायको," ती म्हणाली. फोटो आला होता तो तिच्या ध्यानात होता.

मी पाठ केलेलं वाक्य सुरू करणार, एवढ्यात ती पुढे म्हणाली, "एकटीच आलीय." आणि मग, "शामू नाय राहिला."

यातलं एकही वाक्य तिने विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. साराबायने पदराने तोंड पुसलं, आत गेली, पाण्याचे तांबे घेऊन आली. बसा म्हणाली, लांबून आलाय म्हणाली, दमल्या असाल म्हणाली. तीन दिवस प्रश्नांच्या वर्षावात काढलेल्या मला ते फार चमत्कारिक वाटलं. कधी गेला, कशाने गेला, तू कोण, काही नाही.

एस्तेरबाईंना धीर निघेना. त्यांनी माझा हात दाबला आणि ते वाक्य म्हणाल्या. मी ते मराठीत केलं. "त्या विचारतात, तुम्ही पत्रं का थांबवलीत? त्यांच्यामुळे का?"

साराबायने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं, तेव्हा कल्पनाच म्हणाली, "काकू, सांगा ना."

"तिच्यामुलं कशाला," साराबाय म्हणाली. "फोटो बघून मी चांगली चार घरी साखर वाटली होती. माझ्यामुलं."

आणि तिने सांगितलं ते मी जमेल तसं तिच्याच शब्दांत देते.

"तो जायाला निघाला, धरमतरला लाँच पकडायची होती. पिशवी खांद्यावर, उंबऱ्याच्या बाहेर एक पाय. मी आतून आले आन माझ्या तोंडातून गेलं, शामू, कुटं चाललास. सगल्यांना ठावूक होतं कुटं चाललाय. मला पन ठावूक होतं. तरी गेलं. आयनं माझ्या तोंडावर चापट मारली. तो हसला, परत येऊन घडीभर बसला, पानी प्याला आन गेला. लगीन ठरल्याचं पत्र आलं त्यात लिवलं होतं, पुढच्या वर्साला दोघं येतो. नाय आला. तवा मी समजले. निघत्या मानसाला कुटं म्हनून इचारलं, आता तो कसा येईल. मग पत्रात काय लिवू? पत्र म्हंजे सगलं इचारायचंच असतं. कसा हायस, कदी येशील. एकदा तोंडानं इचारलं त्याचं असं झालं. पुन्ना लिवून कशाला इचारू? म्हनून बंद केलं. तवापासून मी कुनालाच काय इचारत नाय."

बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, हे आमच्याकडेही पाळतात. माझी आई 'किती वेळ लागेल' असं आडून विचारायची आणि आम्ही भावंडं तिची चेष्टा करायचो. त्या क्षणी मला चेष्टा आठवून लाज वाटली. या बाईने त्या एका शब्दापायी अख्खा भाऊ गमावला होता, आणि तोही जिवंतपणी.

हे स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं? शकुन-अपशकुनाचे शब्द आमच्या वर्गात अजून यायचे होते. मी उठून दारात गेले, एक पाय बाहेर ठेवला, साराबायकडे बोट केलं. "एया," मी म्हटलं, ती. "दोंदे?" मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माल." वाईट. मी दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या वेळी एस्तेरबाईंचा चेहरा बदलला.

"पोर उना प्रेगुंता?" त्या हळूच म्हणाल्या. एका प्रश्नासाठी?

"सी," मी म्हटलं. हो.

त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं ते मला दिसलं. बत्तीस वर्षांनी त्यांना कळत होतं की त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी डोळे मिटले. मग त्या साराबायकडे वळून, माझ्याकडे न बघता, एक वाक्य बोलल्या.

"एल एस्पेराबा ला कार्ता. तोदोस लोस आन्योस."

तो पत्राची वाट बघायचा. दर वर्षी.

त्या तीन दिवसांत एस्तेरबाईंचं अख्खं वाक्य शब्दकोशावाचून मला पहिल्यांदाच समजलं. आणि तेच सांगायला माझी जीभ उचलेना.

"काय म्हनली ती," साराबाय म्हणाली. आवाज सपाट, विचारल्यासारखा नाही.

"तुमची आठवण काढायचे म्हणतात," मी म्हटलं.

"तेवडं नाय म्हनली. जास्त बोलली." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मास्तरीन हायस ना तू. खोटं सांगू नको."

मग मी खरं सांगितलं. सांगावं की नाही याचा मी आजही निकाल लावू शकलेले नाही. खोटं बोलून परत आले असते तर मला झोप लागली नसती, हे खरं. पण माझ्या झोपेसाठी त्या म्हातारीने का किंमत द्यावी, हेही खरंच.

साराबाय उठून आत गेली. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत होता. कल्पना जाऊ लागली तर मीच तिला धरून ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटं होती. वालाचं बिरडं, गरम भात, सुक्या बोंबलाची चटणी. तिने एस्तेरबाईंचं ताट आधी वाढलं. जेवताना ती बोलायला लागली ती थांबेना. शामू भित्रा होता. शामूला पोहता येत नव्हतं, तरी खाडीत उतरायचा. शामूने एकदा घाण्याच्या बैलाच्या शिंगांना आईचा चाफ्याचा गजरा बांधला होता. मी भाषांतर करायचा प्रयत्न केला, पण दोन घासांनंतर सोडून दिला. एस्तेरबाई तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या आणि योग्य ठिकाणी हसत होत्या. ते कसं, मला विचारू नका. मग त्यांनीही स्पॅनिशमध्ये सुरू केलं, आणि साराबाय मान डोलवू लागली. अर्धा-पाऊण तास मला काहीच काम नव्हतं. मी भात खाल्ला.

उन्हं कलल्यावर आम्ही उठलो. सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून मी काहीच म्हटलं नाही. एस्तेरबाईंनी साराबायला मिठी मारली. साराबायला मिठीची सवय नव्हती, ती हात लांब धरून उभी राहिली, मग एक हात हळूच एस्तेरबाईंच्या पाठीवर ठेवला. आम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मी वळून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि पदराचा बोळा तोंडात धरला होता. आम्हाला उद्देशून तोंडातून चुकून एखादा प्रश्न जाऊ नये म्हणून.

पुण्याहून एस्तेरबाई परत गेल्या. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं, सुखरूप पोचले म्हणून. मी लगेच वरसेला कार्ड टाकलं. तेवढंच लिहिलं, एस्तेरबाई घरी पोचल्या, खुशाल आहेत. उत्तराची अपेक्षा नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी उत्तर आलं. पोस्टकार्ड, अक्षर कल्पनाचं, बालवाडीतल्या फळ्यावर लिहितात तसं गोल गोल. मायना नाही, ख्यालीखुशाली नाही. वर एक ओळ होती, साराकाकू सांगतात तसं लिहिते आहे, हे एस्तेरवहिनीला कळवावे. त्याखाली लिहिलं होतं.

"शामू कधी गेला? कशाने गेला? जवळ कोण होतं? काय बोलला? तुझ्या मुली कशा आहेत, किती मोठ्या झाल्या? तू जेवतेस का? परत कधी येतेस?"

इतक्या वर्षांनी साराबाय विचारत होती, फक्त 'कुठे' तेवढा नव्हता. ते सगळं स्पॅनिशमध्ये उतरवायला मला शब्दकोश लागणार नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं. पण कार्ड हातात घेऊन मी पेनला टोपण लावलं, आणि लिहायला बसेपर्यंत दिवेलागण झाली.